हरित कारखाना गावात येतो तेव्हा: शेलेफ्तेओ नगरपालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ गावात बॅटरीचा कारखाना आला, भराभर वाढला आणि बंद पडला. तेव्हापासून या विषयावर सतत प्रश्न येत आहेत. विचारणाऱ्यांत नगररचनेचे विद्यार्थी आहेत, तिकडे नोकरी शोधणारे इंजिनियर आहेत आणि आपल्या गावात एखादा ‘ग्रीन’ प्रकल्प येणार असं ऐकलेले नागरिकही आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा यायला नको म्हणून काही ठिकाणी दुसरा प्रश्न पाहायला सांगितलं आहे.

१. हरित संक्रमण म्हणजे काय, आणि त्यात नगरपालिकेचा संबंध कुठे येतो?

कोळसा, तेल आणि वायूवर चालणारे उद्योग, वाहनं, वीजनिर्मिती हे सगळं कमी कार्बनच्या साधनांवर नेणं म्हणजे हरित संक्रमण. धोरण ठरतं ब्रुसेल्समध्ये किंवा देशाच्या राजधानीत. पण कारखान्याला जमीन लागते, पाणी लागतं, रस्ता लागतो. कामगाराला घर लागतं, त्याच्या मुलांना शाळा लागते. या सगळ्या गोष्टी नगरपालिकेच्या हद्दीतच उभ्या राहतात. म्हणून जगाच्या हवामानाचा प्रश्न शेवटी एखाद्या छोट्या गावाच्या बांधकाम समितीसमोर नकाशा होऊन येतो.

२. शेलेफ्तेओ कुठे आहे? सगळे त्याचंच उदाहरण का देतात?

स्वीडनच्या उत्तरेला, बॉथनियाच्या आखाताजवळ, वेस्टरबॉटन प्रांतात. क्षेत्रफळ अवाढव्य, वस्ती मात्र २०१७ साली सुमारे ७२,००० होती. १९२४ मध्ये जवळच्या बोलिडेनला सोनं सापडलं आणि १९३० मध्ये समुद्रकाठी रोनशेर इथे धातू गाळण्याचा कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे. खाण, जंगल आणि नदीवरची वीज यांवर जगणारं हे गाव. तरुण मुलं शिकायला बाहेर पडायची आणि परत यायची नाहीत, ही तिथली जुनी चिंता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्थव्होल्ट या नव्या कंपनीने आपला पहिला मोठा बॅटरी कारखाना इथे उभारायचं जाहीर केलं. पीटर कार्लसन आणि पाओलो चेरुती या टेस्लामधून आलेल्या दोघांनी ती कंपनी काढली होती. कारखान्यात पहिली बॅटरी डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तयार झाली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आठ वर्षांहून कमी काळात एका नगरपालिकेने आशा, धावपळ आणि पडझड असं सगळं पाहिलं. एवढा पूर्ण घटनाक्रम दुसरीकडे सहसा मिळत नाही, म्हणून हे उदाहरण.

३. कंपनीने इतक्या थंड, दूरच्या गावाची निवड का केली?

मुख्य कारण वीज. बॅटरीचे सेल बनवायला प्रचंड वीज लागते. ती कोळशाची असेल तर बॅटरीच्या ‘हरित’ असण्याला अर्थ उरत नाही. उत्तर स्वीडनमध्ये जलविद्युत भरपूर आणि स्वस्त आहे. २०११ च्या नोव्हेंबरपासून स्वीडनमध्ये विजेच्या दराचे चार विभाग आहेत. उत्तरेत निर्मिती जास्त आणि वापर कमी, त्यामुळे तिथला दर दक्षिणेपेक्षा सहसा कमी राहतो.

दुसरं कारण बाहेरून पटकन दिसत नाही. शेलेफ्तेओ क्राफ्ट ही वीज कंपनी नगरपालिकेच्या मालकीची आहे. नदीवर वीज बनवायची आणि गावाला पुरवायची हे काम इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चाललं आहे. त्यामुळे कंपनीशी बोलणी करायला बसलेल्या नगरपालिकेच्या हाताशी जमीन, नियोजनाचे अधिकार आणि वीज कंपनी असं तिन्ही होतं. बाकीच्या गावांना वीज, जमीन आणि परवानगी यासाठी तीन वेगळ्या दारांत जावं लागतं.

शिवाय बंदर जवळ आणि रोनशेरमुळे जड उद्योगात मुरलेले कामगार गावात. फिनलंडमधलं वासासुद्धा या स्पर्धेत होतं. तेव्हाचे नगरपालिका प्रमुख लॉरेन्ट्स बुर्मान आणि प्रशासनाने ही संधी निसटू द्यायची नाही असं ठरवूनच काम केलं.

४. स्वीडनमधली नगरपालिका आपल्यासारखीच असते का?

नावापुरती. स्वीडनमध्ये २९० नगरपालिका आहेत आणि प्रत्येक गाव, शेत, जंगल कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत मोडतं. वेगळी ग्रामपंचायत नाही. पाळणाघर, शाळा, वृद्धांची देखभाल, पाणी, सांडपाणी, अग्निशमन, नगररचना हे सगळं तिच्याकडे. दवाखाने आणि रुग्णालयं प्रांतिक परिषद चालवते.

सर्वात मोठा अधिकार नियोजनाचा. कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे नगरपालिका ठरवते. पवनचक्क्यांच्या मोठ्या प्रकल्पांना तर तिची संमती लागतेच, ती नसेल तर परवाना मिळत नाही. मात्र मोठ्या कारखान्याचा पर्यावरण परवाना नगरपालिका देत नाही, तो जमीन व पर्यावरण न्यायालयाकडून येतो. जमिनीची परवानगी आणि प्रदूषणाची परवानगी वेगवेगळ्या हातात असणं मला योग्य वाटतं. गुंतवणुकीसाठी आसुसलेल्या गावाला आपल्याच नदीबद्दल कठोर राहणं जड जातं.

५. कारखाना आला की नगरपालिकेला किती कर मिळतो?

कारखान्याकडून थेट जवळपास काहीच नाही. हे उत्तर वाचून बहुतेकांचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वीडनमध्ये कंपनीच्या नफ्यावरचा कर (२०२१ पासून २०.६ टक्के) राष्ट्रीय सरकारकडे जातो. औद्योगिक मालमत्तेवरचा करही तिकडेच. नगरपालिका जगते ती रहिवाशांच्या पगारावरच्या करावर. शेलेफ्तेओमध्ये करपात्र उत्पन्नाच्या दर १०० क्रोनरमागे साधारण ३४ क्रोनर स्थानिक कर जातो. त्यातला सुमारे दोन तृतीयांश नगरपालिकेचा आणि उरलेला प्रांतिक परिषदेचा.

आता एक कुटुंब घ्या. नवरा कारखान्यात ऑपरेटर, बायको शाळेत शिक्षिका, दोघं शेलेफ्तेओत राहतात. दोघांच्या पगारातून नगरपालिकेला दर महिन्याला पैसे येतात. तोच ऑपरेटर १३० किलोमीटरवरच्या उमेओत घर ठेवून जा-ये करत असेल, तर त्याचा कर उमेओला. कारखाना तोच, पाळी तीच, पण शेलेफ्तेओच्या तिजोरीत शून्य.

त्यावर आणखी एक पदर. देशात नगरपालिकांमधलं उत्पन्न समतोल राखण्याची व्यवस्था आहे. एखाद्या गावाचं दरडोई उत्पन्न वाढलं की त्याला मिळणारं अनुदान कमी होतं. म्हणजे पगार वाढल्याचा फायदा बराचसा वाटला जातो. माणसं वाढली तर मात्र फायदा टिकतो. त्यामुळे स्वीडनमधली नगरपालिका कारखान्याकडे पाहते ती माणसं आणणारी गोष्ट म्हणून. हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे निर्णय समजायला सोपे जातात.

६. मग कारखाना यायच्या आधी नगरपालिकेला कशाकशावर खर्च करावा लागला?

माणसं येण्याआधी जे जे लागतं त्या सगळ्यावर. आणि त्यातलं बरंचसं कायद्याने बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही.

दोन लहान मुलांसह एक कुटुंब गावात आलं असं समजा. पालकांनी अर्ज केल्यापासून चार महिन्यांच्या आत धाकट्याला पाळणाघरात जागा द्यावीच लागते. थोरल्याला शाळा. आई-वडील परदेशातून आलेले असतील तर स्वीडिश भाषेचे वर्ग नगरपालिकेनेच चालवायचे. एका मातृभाषेची पाच मुलं असतील आणि शिक्षक मिळत असेल, तर त्या भाषेचा तासही द्यायचा. घर हवं, म्हणजे नगरपालिकेच्या मालकीच्या स्केबो या गृहनिर्माण कंपनीने बांधायचं किंवा खासगी बिल्डरला जमीन द्यायची. घर आलं की नळ, गटार, बस. यातला प्रत्येक खर्च पहिला कर मिळण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो, बहुधा कर्ज काढून.

इथेच सगळा डाव आहे. कंपनी गुंतवणूकदारांचे पैसे वापरते आणि वेळ पडली तर दिवाळखोरीत जाते. नगरपालिकेला दिवाळखोर होण्याची सोय नाही. तिने घातलेली पाइपलाइन पन्नास वर्षं जमिनीत राहते आणि तिचं कर्जही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतं. आश्वासन एकाचं आणि टिकणारा खर्च दुसऱ्याचा, हे ज्याला दिसत नाही त्याने हरित प्रकल्पाच्या स्वागताला घाई करू नये.

७. नगरपालिकेने कंपनीला जमीन फुकट दिली का? करमाफी?

नाही. स्वीडनच्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार एखाद्या एकट्या व्यवसायाला खास मदत द्यायची तर अपवादात्मक कारण लागतं. शिवाय युरोपीय संघाचे सरकारी मदतीचे नियम आहेत. जमीन बाजारभावाने विकावी लागते. कर माफ करायचा प्रश्नच नाही, कारण कंपनीचा कर नगरपालिकेचा नाहीच (प्रश्न ५).

नगरपालिका देऊ शकते ती तयारी आणि वेग. आराखडा आधीच मंजूर असणं, रस्ता आणि वीजजोडणीचं वेळापत्रक बांधलेलं असणं, सगळ्या खात्यांसाठी एकच माणूस नेमलेला असणं. ‘सवलत किती?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न तिथे लागू पडत नाही.

८. तिथे भारतीय काम करत होते का? नोकरी गेल्यावर त्यांचं काय झालं?

होते. कारखान्यात शंभरावर देशांचे नागरिक होते, त्यात भारतातले इंजिनियरही. इतक्या उत्तरेला इतके अनुभवी लोक स्थानिक पातळीवर मिळणं शक्यच नव्हतं. बॅटरी उत्पादनाचं ज्ञान मुख्यतः चीन, कोरिया आणि जपानमध्ये आहे, त्यामुळे यंत्रांसोबत तिकडचे तंत्रज्ञही आले.

कामाच्या परवान्यावर आलेल्यांची अवस्था सर्वात वाईट झाली. त्या वेळच्या नियमाने नोकरी गेल्यावर नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळत. स्वीडिश कामगाराला कामगार संघटना, विमा, नातेवाईक असतात. कर्ज काढून कुटुंबासह आलेल्या परदेशी माणसाला तीन महिन्यांत, तेही जिथे हजारो लोक एकाच वेळी काम शोधत आहेत अशा गावात, नवी नोकरी मिळवायची होती. परदेशात ‘ग्रीन’ नोकरीची ऑफर आली तर पगाराइतकंच लक्ष परवान्याच्या अटींवर द्या, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. गावात तुमच्या क्षेत्रातली दुसरी कंपनी आहे का, हेही आधी पाहा.

९. नॉर्थव्होल्ट बुडाली कशामुळे?

उत्पादन जमलं नाही. वर्षाला १६ गिगावॉट-तास क्षमतेचा पहिला टप्पा होता आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या एक टक्क्यालाही पोहोचलं नाही. त्याच वेळी कंपनी जर्मनी, कॅनडा, पोलंड अशा दिशांनी पसरत होती. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची मागणी रद्द केली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या १,६०० नोकऱ्या कापायचं ठरलं, त्यातल्या १,००० शेलेफ्तेओतल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेत कर्जापासून संरक्षण मागितलं तेव्हा कर्ज ५.८ अब्ज डॉलर आणि हातातली रोकड सुमारे ३ कोटी डॉलर होती. दुसऱ्याच दिवशी कार्लसन पायउतार झाले. १२ मार्च २०२५ ला स्वीडनमध्ये दिवाळखोरी. स्कॅनिया या ट्रक बनवणाऱ्या कंपनीसाठी थोडं उत्पादन चालू ठेवलं होतं, तेही ३० जून २०२५ ला थांबलं.

स्वस्त चिनी बॅटऱ्या आणि विजेवरच्या गाड्यांची मंदावलेली मागणी ही कारणंही खरी आहेत. पण चांगली बॅटरी वेळेवर बनली असती तर गिऱ्हाईक होतं. फोक्सवॅगन तर कंपनीची सर्वात मोठी भागधारकच होती.

१०. त्यानंतर नगरपालिकेचं दिवाळं वाजलं का?

नाही. आधी राष्ट्रीय व्यवस्था पुढे येते. दिवाळखोर कंपनीच्या कामगारांना ठरावीक मर्यादेपर्यंतचा पगार सरकारी हमीतून मिळतो. मग बेकारी विमा. तोही संपला की माणूस नगरपालिकेच्या सामाजिक मदतीकडे येतो. म्हणजे धक्का नगरपालिकेपर्यंत उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. लोकसंख्या ७७,००० च्या आसपास गेली होती. ती अशीच वाढत राहील असं धरून आखलेल्या शाळा आणि घरांच्या योजना पुन्हा तपासाव्या लागल्या.

सगळ्यात जास्त पोळले ते छोटे स्थानिक पुरवठादार. खोदकाम करणारे, वायरिंगवाले, साफसफाईवाले. त्यांची बिलं थकली आणि दिवाळखोरीत त्यांचा नंबर बँकांच्या मागे लागतो. राष्ट्रीय सरकारने कंपनीत भागीदार व्हायला नकार दिला. तो निर्णय करदात्यांच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, मात्र ‘देशाचं हरित भविष्य’ म्हणून ज्या गावाचं नाव घेतलं जात होतं त्याला तो फार लागला.

ऑगस्ट २०२५ मध्ये लायटेन या अमेरिकी बॅटरी कंपनीने स्वीडन आणि जर्मनीतली मालमत्ता विकत घेण्याचा करार जाहीर केला. खरेदीदार मिळण्याचं कारण पुन्हा तेच: वीजजोडणी, मंजूर जागा, तयार इमारती. मालक बदलला तरी या गोष्टी जागेवरच असतात.

११. म्हणजे हे सगळं ‘हरित’ म्हणणं फसवणूक होती?

मला तसं वाटत नाही. जलविद्युतीवर बनलेल्या बॅटरीचा कार्बन भार कोळशाच्या विजेवर बनलेल्या बॅटरीपेक्षा कमी असतो, हे खरंच आहे. फसवा होता तो वेग. ‘युरोपने आत्ताच पाऊल टाकलं नाही तर कायमचा मागे पडेल’ ही भाषा इतकी प्रभावी होती की शंका काढणारा माणूस हवामानाचा किंवा गावाचा शत्रू वाटू लागला. कारखाना चालेल का, हा तांत्रिक प्रश्न बाजूला पडून ‘तुमचा भविष्यावर विश्वास आहे का’ असा नैतिक प्रश्न पुढे आला.

त्याच गावात एक जुनं, कमी बोललं जाणारं हरित काम चालू आहे. रोनशेरचा कारखाना जुन्या मोबाइल आणि संगणकांच्या सर्किट बोर्डांतून तांबं, सोनं, चांदी काढतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होते. जून २०२३ मध्ये तिथलं तांबं शुद्ध करणारं केंद्र आगीत जळालं, तरी कारखाना उभा राहिला. त्याच्या नावाने कोणी परिषदा भरवल्या नाहीत.

१२. ती वीस मजली लाकडी इमारत कारखान्याच्या पैशांतून बांधली का?

नाही, तिचा निर्णय आणि कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारा कुल्तुरहुस सप्टेंबर २०२१ मध्ये उघडलं. सुमारे ७५ मीटर उंच, लाकडाची रचना, आत ग्रंथालय, नाट्यगृह आणि हॉटेल. आराखडा व्हाइट या स्वीडिश वास्तुरचना संस्थेचा. जवळच्या जंगलातलं लाकूड, आसपासच्या कारखान्यांत तयार झालेले भाग आणि स्थानिक कौशल्य, असा हा प्रकल्प आहे. बॅटरी कारखाना बंद झाल्यावरही ग्रंथालय रोज भरलेलं असतं. लोक राहायला येणार असतील तर त्यांना गाव आवडलं पाहिजे, हा प्रश्न ५ मधला हिशेब इथेही दिसतो.

१३. इतकी वीज कारखान्यांना दिली तर गावकऱ्यांची वीज महागणार नाही का?

महागू शकते. उत्तरेतली वीज स्वस्त आहे ती वापर कमी असल्यामुळे. बॅटरी, हायड्रोजनवरचं पोलाद असे दोन-तीन प्रकल्प एकदम उभे राहिले तर शिल्लक वीज संपते. मग नव्या पवनचक्क्या हव्यात आणि तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो.

या प्रदेशातले मूळनिवासी सामी लोक रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात कळप मोठ्या जंगली पट्ट्यांतून चरत फिरतात. पवनचक्क्या, रस्ते, वीजवाहिन्या आल्या की ते पट्टे तुटतात. शेजारच्या पितेओ नगरपालिकेत मार्कबिग्डेन इथे १,१०१ पवनचक्क्यांपर्यंतचा प्रकल्प आखला गेला. कार्बन कमी करायचा म्हणून ज्यांचं जगणं आधीच सर्वात कमी कार्बनचं आहे त्यांच्या जमिनीवर गदा यावी, हे मला कधीच पटलेलं नाही. नगरपालिकेकडे पवनचक्क्या नाकारायचा अधिकार आहे (प्रश्न ४), पण ज्या नगरपालिकेला कारखान्यासाठी वीज हवी आहे तिने तो वापरणं अवघड.

१४. शेजारच्या बोडेनमध्येही असाच प्रकल्प आहे ना?

हो, पोलादाचा. बोडेन हे सुमारे २८,००० वस्तीचं जुनं लष्करी गाव, सैन्यकपातीत बरंच रिकामं झालेलं. तिथे स्टेग्रा (आधीचं नाव एचटू ग्रीन स्टील) कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पोलाद बनवायचा कारखाना बांधते आहे. प्रकल्पासाठी सुमारे साडेसहा अब्ज युरो उभे केले होते आणि २०२५ मध्ये आणखी पैसे लागतील असं कंपनीने जाहीर केलं. शेलेफ्तेओत जे झालं त्यानंतर गुंतवणूकदार सावध झाले, त्याची झळ बोडेनला बसली. एका नगरपालिकेच्या पडझडीची किंमत शेजारणीलाही मोजावी लागते.

१५. एका बड्या कंपनीवर अवलंबून न राहण्याचा काही मार्ग आहे का?

डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग पाहा. १९६१ मध्ये तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याला पाणी हवं होतं. भूजल कमी, म्हणून तिसो तळ्यातून पाइपलाइन टाकली. १९७२ मध्ये त्याच कारखान्याचा वाया जाणारा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याने घ्यायला सुरुवात केली. पुढे औष्णिक वीज केंद्राची वाफ औषध कंपनीला आणि शुद्धीकरण कारखान्याला, उष्णता गावातल्या घरांना, राखेतून सिमेंट, धुरातलं गंधक पकडून जिप्सम, असं जाळं विणत गेलं. नगरपालिका या जाळ्यात पाणी, सांडपाणी आणि उष्णता वाहणारी भागीदार आहे.

कोणी आराखडा करून हे घडवलेलं नाही. शेजारचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते आणि प्रत्येक देवाणघेवाण पैशांच्या हिशेबात बसत होती, म्हणून ती टिकली. याचीही एक कमजोरी आहे. वीज केंद्राने कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले की जिप्समचा स्रोत आटतो. एका ठिकाणचं हरित पाऊल दुसऱ्याचा कच्चा माल बंद करतं.

१६. महाराष्ट्रात यातलं काय लागू पडतं?

कराचा मुद्दा, पण वेगळ्या वळणाने. पिंपरी-चिंचवड महापालिका श्रीमंत झाली ती जकातीवर. कारखान्यात येणाऱ्या मालावर थेट महसूल मिळत होता. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेकांसाठी गेला आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर भिस्त आली. आज आपल्या महापालिकेला कारखान्यातून थेट मिळतो तो मुख्यतः मालमत्ता कर, आणि रहिवाशाच्या पगारावर तर तिचा काहीच हक्क नाही. शेलेफ्तेओला निदान माणसामागे पैसे मिळतात. आपल्याकडे माणसं वाढली की खर्च वाढतो, उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही.

दुसरा फरक नियोजनाचा. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन एमआयडीसी करते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नियोजित औद्योगिक शहरात विजेवरच्या वाहनांच्या मोठ्या गुंतवणुका जाहीर झाल्या. २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांची नावं आली. ऑरिकच्या आतले रस्ते आणि पाणी स्वतंत्र कंपनी बघते. पण तिथे काम करणारी बरीच कुटुंबं शहरात राहणार, आणि त्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. कारखान्याचं नियोजन एकाकडे आणि कामगाराच्या घराचं दुसऱ्याकडे असेल, तर दोघांनी एकाच टेबलावर बसायची सक्ती हवी.

१७. आमच्या गावात हरित प्रकल्प येतोय. आम्ही नगरसेवकाला काय विचारावं?

सुरुवात अशी करा: ही कंपनी पाच वर्षांत गेली तर आज आपण बांधतोय त्यातलं काय दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल? पाण्याची लाइन, उपकेंद्र, रस्ता उपयोगी पडेल. फक्त त्या कारखान्यासाठीचं विशेष सांडपाणी केंद्र कदाचित नाही, तेव्हा त्याचा खर्च कंपनीनेच आधी भरावा. मग विचारा की टप्पे कसे जोडले आहेत. कंपनीने पहिल्या टप्प्यात खरोखर उत्पादन दाखवलं तरच नगरपालिकेचा दुसरा टप्पा सुरू व्हावा, असं लिहून घेता येतं. गावातल्या ठेकेदारांची बिलं किती दिवसांत मिळतील, हेही विचारा. ‘किती हजार रोजगार’ हा आकडा ऐकलात तर त्यातले किती बांधकामाचे आणि किती कायमचे, ते वेगळं करून मागा.

१८. कामगार शेलेफ्तेओत राहत होते तरी त्यांचा कर नगरपालिकेला मिळाला नाही, असं ऐकलं. हे कसं?

दोन नियमांमुळे. पहिला, आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तुमची नोंद ज्या नगरपालिकेत असेल तिला पुढच्या वर्षाचा कर जातो. देशातल्या देशात डिसेंबरमध्ये घर बदलणाऱ्याचा पुढचा अख्ख्या वर्षाचा कर जुन्या गावाला. मुलाला मात्र जानेवारीपासून नव्या गावात शाळा हवी.

दुसरा, सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी परदेशातून आलेल्यांना वेगळा सपाट कर लागतो आणि तो राष्ट्रीय सरकारकडे जातो. कारखाना बांधायला आणि यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी तुकड्यांपैकी बरेच जण या गटातले. गावातले रस्ते, पाणी, अग्निशमन त्यांनीही वापरलं. बांधकामाच्या ऐन भरात, म्हणजे ताण सर्वात जास्त असताना, नगरपालिकेचं उत्पन्न त्या ताणाच्या खूप मागे होतं.

१९. कंपनी दिवाळखोर झाली तर रसायनं आणि प्रदूषित जमीन कोण साफ करतं?

तत्त्व सोपं आहे: ज्याने घाण केली त्याने भरायचं. अडचण तेव्हा येते, जेव्हा ज्याने घाण केली तो उरलेलाच नसतो. मालमत्ता सांभाळणारा प्रशासक जोवर तिथे काम चालवतो तोवर त्याच्यावर जबाबदारी असते, नवा मालक आला तर त्याच्यावर काही भाग येऊ शकतो. दोघंही नसतील तर भार सार्वजनिक तिजोरीवर.

हे कल्पनेतलं भय नाही. याच वेस्टरबॉटन प्रांतात ब्लायकेन इथली जस्त-शिशाची खाण चालवणारी कंपनी २००७ च्या अखेरीस बुडाली आणि जड धातूंनी दूषित पाण्याची व्यवस्था सरकारला करावी लागली. स्वीडिश कायद्यात परवाना देतानाच साफसफाईसाठी आर्थिक हमी घेण्याची तरतूद आहे, पण हमीची रक्कम कमी ठरली तर तिचा उपयोग तेवढ्यापुरताच. शेलेफ्तेओचा कारखाना साठवलेल्या रसायनांसह प्रशासकाच्या ताब्यात आला, तेव्हा आग लागली किंवा गळती झाली तर धावून जायचं होतं ते नगरपालिकेच्या अग्निशमन दलाला. म्हणून हमीचा आकडा, ती कुठल्या बँकेत आहे आणि दर किती वर्षांनी तपासली जाते, हे परवान्याच्या सुनावणीत नगरपालिकेने स्वतः मागून घ्यावं. न्यायालय ते प्रत्येक वेळी आपणहून विचारेलच असं नाही.